लिव्हर ठीक आहे

मित्रांनो, माझ्याइतक्या वेळा जमिनीवर आपटून चक्काचूर झालेला, आणि तरीही चहाच्या सुट्टीनंतर पुन्हा कामावर हजर झालेला दुसरा कोणी तुम्हाला भेटायचा नाही. मी एक जुना थ्रॉटल आहे. थेरगावात डांगे चौकापासून थोडं आत एका उंच शेडमध्ये वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे प्रवासी विमानाचा सिम्युलेटर आहे, म्हणजे शिकण्यासाठी केलेलं खोटं विमान. त्याला ना पंख ना शेपूट. सहा पायांवर उभी असलेली ती एक पांढरी खोली आहे. आत गेलात तर मात्र खऱ्या विमानात आणि त्यात फरक सांगता येणार नाही. पुढे काचा, काचांपलीकडे धावपट्टी, दोन खुर्च्या, आणि त्या दोन खुर्च्यांच्या मधोमध मी.

मी म्हणजे शेजारी शेजारी उभे असलेले दोन दांडे. इथे सगळे त्यांना लिव्हर म्हणतात. मागे ओढलं की इंजिनांची ताकद कमी होते, पुढे ढकललं की वाढते. माझ्या मुठीखाली, बोटाला सहज लागेल असं एक बटण आहे. त्याचं नाव टोगा. ते दोन प्रसंगी लागतं. एकदा उड्डाण करताना, आणि एकदा उतरता उतरता काही बिनसलं की उतरायचा बेत सोडून पुन्हा वर जाताना. या दुसऱ्या प्रकाराला वैमानिक गो-अराउंड म्हणतात. टोगा दाबलं की माझ्या पोटातली मोटर फिरते आणि मी आपला आपण पुढे सरकतो. या गोष्टीचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू! त्याच गर्वापायी एका मुलीचं आयुष्य पणाला लागलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कुरुळीचा. माझ्या आधीचा थ्रॉटल परदेशातून आलेला होता. तो झिजला, मोडला, आणि नवा यायला सात महिने लागतील असं कळलं. तेव्हा केंद्राच्या लोकांनी मोडका नमुना उचलला आणि कुरुळीतल्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन टाकला. तिथे ज्योतीराम नावाचा फिटर होता. कुरुळीचाच, जुन्या शेतकरी घरातला. त्याच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. पूर्वी तो एका कंपनीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर होता, तिथे ती गेली. उरलेल्या तीन बोटांत त्याने मला धरलं आणि उजव्या हातात कानस घेऊन दीड महिना घासलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी चौदा दिवस माझी मापं घेतली आणि शेवटी मान डोलावली. मी पास झालो, आणि माझ्याबरोबर ज्योतीरामही. केंद्राने त्याला देखभालीच्या कामावर ठेवून घेतलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. रोज सकाळी ज्योतीराम येतो, मला पुसतो, पुढे ढकलतो, मागे ओढतो, बटण दाबून मी किती वेळात कुठवर जातो ते बघतो, आणि वहीत लिहितो, ‘लिव्हर ठीक आहे.’ खाली सही. त्या वहीला इथे फार मान आहे. तिच्यात दोष लिहिला गेला की त्या दिवशीचं सगळं रद्द होतं, मग ते शिक्षण असो की परीक्षा.

मला पुसताना ज्योतीराम बोलत असतो. घरचं, शेजारचं, चाकणच्या बाजारातलं. पण त्याच्या बोलण्यात सगळ्यात जास्त असायची ती त्याची एकुलती एक मुलगी, दिपाली. तिला त्याने लहानपणापासून एकच नियम शिकवला होता. ‘बटण दाबलं की हात काढ.’ मिक्सर असो, पिठाची चक्की असो की उसाचा चरक, यंत्र सुरू केलं की हात मागे. त्याने त्याचा खेळच केला होता. तो हातात ताटली धरायचा, तिने खाली पाटावर हात ठेवायचा. तो ‘दाब’ म्हणाला की तिने पाटावर टिचकी मारायची आणि ताटली पडायच्या आत हात काढून घ्यायचा. पोरीचा हात एकदाही सापडला नाही, असं तो मला अभिमानाने सांगायचा. ज्याची बोटं गेली तो बाप दुसरं काय शिकवणार?

ती बारा वर्षांची असताना तो तिला एकदा इथे घेऊन आला. रविवार होता, केंद्र बंद होतं. दिपालीने घाबरत घाबरत माझं बटण दाबलं आणि झटकन हात छातीशी ओढून घेतला. मी घर्रर्र करत पुढे सरकलो. ती खळखळून हसली.

“आप्पा, हा जिवंत आहे!”

मीही फुशारलो. लहान मुलासमोर मोठी माणसं फुशारतात तसाच. त्या दिवशी आम्हा तिघांपैकी कोणालाही कळलं नाही की चूक तिथेच पेरली गेली.

पुढे ती शिकली, एका विमान कंपनीत निवडली गेली, विमानं चालवण्याचा परवाना मिळवला. मोठं प्रवासी विमान चालवण्याआधी शेवटचं शिक्षण सिम्युलेटरवर घ्यायचं असतं. त्यासाठी ती या वर्षी माझ्याकडेच आली. वय तेवीस. तिची खुर्ची उजवीकडची, त्यामुळे माझ्यावर तिचा डावा हात. डावीकडच्या खुर्चीत तिचा जोडीदार दिग्विजय, राजगुरुनगरचा, मनाने चांगला पण सारखा घाईत. मागच्या बाकावर जयमाला मॅडम. पंचवीस वर्षं विमानं उडवून आता शिकवायला आलेल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, म्हणूनच त्यांची सगळ्यांना भीती.

दिपालीचं सगळं नेटकं होतं. उड्डाणाच्या वेळी ती टोगा दाबायची, मी निघायचो, आणि तिचा हात अलगद छातीशी जायचा. गो-अराउंडच्या वेळीही तसंच. बटण, आणि हात मागे. दुसरे शिक्षक तर म्हणायचे, “काय स्वच्छ हात आहे या मुलीचा!” जयमाला मॅडम मात्र मधूनच बजावायच्या, “दिपाली, हात त्याच्यावर राहू दे. तो गेला तर त्याच्याबरोबर जा.” ती “हो मॅडम” म्हणायची, दोन दिवस लक्षात ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी हात पुन्हा छातीशी.

मला ते दिसत होतं, मित्रांनो. आणि मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. विमान हवेत असताना मी बटणाचं ऐकतो. उड्डाणाआधी मला मुद्दाम सज्ज करतात, म्हणून तेव्हा जमिनीवरही ऐकतो. पण उतरताना चाकं एकदा जमिनीला टेकली की बटणाला मी जुमानत नाही. माझी घडणच तशी आहे. उतरून धावपट्टीवर धावणाऱ्या विमानात चुकून बोट लागलं आणि इंजिनं भडकली तर अनर्थ होईल, म्हणून. चाकं टेकल्यावर पुन्हा वर जायचं असेल तर मला हातानेच ढकलावं लागतं. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. दिपालीला ते पाठही होतं. पण पाठ असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी ज्योतीराम आला तेव्हा त्याचे ओठ सुकलेले होते. त्याने मला एरवीपेक्षा दुप्पट वेळ पुसलं, बटण सहा वेळा दाबून पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘लिव्हर ठीक आहे.’ मग माझ्या मुठीवर तीन बोटं ठेवून पुटपुटला, “संभाळ रं बाबा पोरीला.”

दुपारी दोनला परीक्षा सुरू झाली. पहिला दीड तास ती अशी उडाली की मागे मॅडमचं पेन नुसतं बरोबरच्या खुणा करत होतं. एक इंजिन बंद पडलं, तिने सांभाळलं. धुकं आलं, धावपट्टी दिसेना, तिने टोगा दाबलं, मी पुढे गेलो, आम्ही वर गेलो. तिचा हात छातीशी होता. मॅडमच्या पेनाचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

शेवटचं उतरणं राहिलं होतं. आडवा वारा होता. पन्नास फूट, तीस, वीस, असं विमान स्वतःच मोजत होतं. तेवढ्यात मॅडमनी मागून वाऱ्याचा एक झोत सोडला. आमची चाकं धाडकन टेकली आणि चेंडू उसळावा तसे आम्ही उसळलो. पुन्हा टेकलो. धावपट्टी भराभर संपत होती.

“गो-अराउंड!” दिपाली ओरडली. निर्णय बरोबर होता. तिने टोगा दाबलं, नाक वर उचललं, आणि तिचा डावा हात छातीशी गेला.

मी जागचा हललो नाही. चाकं टेकलेली होती.

मित्रांनो, आयुष्यात मला पहिल्यांदाच तोंड नसल्याचं दुःख झालं. ‘ढकल, पोरी, ढकल मला!’ असं मला ओरडायचं होतं. विमानाचं नाक वर, इंजिनांत ताकद नाही, वेग उतरत चाललेला. एक सेकंद. दोन. ती समोर बघत होती, मी पुढे गेलो असणार या भरवशावर. दिग्विजयही चाकं उचलायच्या दांड्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. तीन. चार. मग सगळं विमान थरथरलं, कर्कश आवाज सुटला, आणि आम्ही शेपटीवर आपटलो. अपघात झाला की होतात तशा समोरच्या काचा लाल झाल्या. खोली थांबली.

नंतर मागून मॅडमचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू.

“दिपाली, काय झालं?”

“मॅडम, मी दाबलं होतं.” ती मागे वळली. “शपथ, दाबलं होतं. तो हललाच नाही. अडकला.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “अडकला असेल तर ते ज्योतीरामभाऊ सांगतील. त्यांना बोलावते. मशीनचा दोष निघाला तर आजची परीक्षा झालीच नाही असं धरू. नाही निघाला तर नापास. आणि तुला माहीत आहे, नापासाचा कागद गेला की पुढची संधी द्यायची की नाही ते कंपनीचं मंडळ ठरवतं. मागच्या वर्षी दोघांना नाही दिली.” एवढं बोलून त्या बाहेर गेल्या.

ज्योतीराम वही घेऊन आत आला. मुलीचा चेहरा बघितल्यावर त्याला विचारावं लागलं नाही. तो गुडघ्यावर बसला, दिग्विजयला विमान हवेत असल्याचं लावायला सांगून मला पुढे-मागे केलं, बटण दाबलं. मी तेलातल्यासारखा पुढे गेलो. पुन्हा दाबलं, पुन्हा गेलो. मग त्याने दिग्विजयला विमान धावपट्टीवर उतरवायला सांगितलं. चाकं टेकली. त्याने बटण दाबलं. मी हललो नाही.

“बघा आप्पा, नाही हलत!” दिपाली म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी तिचं तिलाच उमगलं. पुस्तकातलं ते पान तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार.

“चाकं टेकली की ह्यो असाच,” ज्योतीराम म्हणाला. “तुझा हात कुठं व्हता?”

तिचा हात आताही छातीशीच होता. ज्योतीरामने त्या हाताकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या तीन बोटांकडे. तो हात त्यानेच तिथे ठेवला होता. ताटलीचा खेळ खेळून खेळून.

दिग्विजयने दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज दाबून म्हणाला, “काका, लिहून टाका ना अडकला म्हणून. जुना तर आहेच, ऑफिसात नवा आणायचं चाललंयच. कोणाला शंका पण येणार नाही. एका ओळीनं हिचं करियर वाचतंय.”

खरं होतं ते. एक ओळ, आणि दिपालीची परीक्षा पुसली जाणार होती. त्याच ओळीने माझी रवानगी भंगारात झाली असती. आणि सकाळच्या सहीचा जाब ज्योतीरामला विचारला गेला असता, नोकरीवर गदा आली असती. मला वाटलं, हा बाप माणूस आहे, हा लिहिणार. लोखंडाचे दोन दांडे एकीकडे आणि पोटची पोर एकीकडे. मी त्याच्या जागी असतो तर मीही लिहिलं असतं, आणि हे मी रागाने म्हणत नाही.

ज्योतीरामने वही गुडघ्यावर उघडली. डाव्या हाताच्या तीन बोटांनी पान दाबून धरलं. उजव्या हाताने लिहिलं, ‘लिव्हर’. आणि पेन थांबलं.

“आप्पा,” दिपाली म्हणाली, “तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ दे. नोकरीचं काय घिऊन बसलीस.” पण पेन पुढे सरकेना. पानावर शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्याने मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

“दिपे, माझी बोटं कशी गेली?”

“प्रेस बिघडला होता. आपोआप चालू झाला.”

“न्हाई. प्रेसला दोन बटणं असत्यात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हंजी दोन्ही हात भायेर राहत्यात. म्या एका बटणात पत्र्याचा तुकडा कोंबला व्हता. मग एकाच हातानं काम व्हतं, दुसऱ्या हातानं माल सारायचा. आकडा लवकर पुरा व्हतो. सगळीच पोरं करायची. त्या दिवशी माझा हात आतच ऱ्हायला आनि म्या बटण दाबलं.” तो थांबला. “तू आईच्या पोटात व्हतीस. म्या दवाखान्यात शुद्धीवर आलो तवा रिपोट तयार व्हता. मशीनचा दोष. पत्र्याचा तुकडा कुनालाच घावला न्हाई. म्या बी तोंड उघडलं न्हाई. त्या प्रेसची देखभाल सोनबाकडं व्हती. आपल्या चाकणचा सोनबा. त्याला काढलं कामावरनं.”

दिपाली बापाकडे बघत राहिली. सोनबाकाकांना ती ओळखत होती. बाजारात भेटले की दर वेळी ते थांबायचे आणि तिच्या वडिलांना एकच विचारायचे, ‘हात कसा हाय?’

“चोवीस वर्सं झाली. त्यो माझा हात इचारतो, आनि म्या खाली बघून म्हंतो, बरा हाय.” ज्योतीरामने नाक ओढलं. “खोटं लिवलं की झाकून जातं, पोरी. पर चूक हाय तिथंच ऱ्हाती. ह्यो अडकला न्हाई. तुझा हात नव्हता त्याच्यावर. ही गोष्ट आज झाकली तर उद्या खरं इमान आसंल, आनि मागं दीडशे माणसं बसल्याली आसत्याल. त्यातल्या एकाची पोर बी आईच्या पोटात आसंल.”

दिग्विजय माझ्याकडे बघत उभा राहिला. ज्योतीराम पेन तसंच धरून होता. आता लिहायचं ते दिपालीने सांगायचं होतं, हे तिघांनाही कळलं आणि मलाही.

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, “लिहा. ठीक आहे म्हणून लिहा.”

त्याने पान पुरं केलं. ‘लिव्हर ठीक आहे. बटण ठीक आहे. दोष नाही.’ आणि खाली सही केली. बापाच्या सहीने मुलगी नापास झाली.

जयमाला मॅडमनी वही वाचली, मग दिपालीकडे पाहिलं. “मंडळाला मी पत्र लिहीन. त्यात काय लिहायचं ते मला आता कळलं,” एवढंच बोलल्या.

मंडळाचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. ज्योतीराम रोज मला पुसायचा पण बोलायचा नाही. दहाव्या दिवशी कळलं. एक संधी, आणि तीच शेवटची. परीक्षक बाहेरचे येणार.

मॅडमनी पहिलं काम केलं ते माझी मोटर बंद करवण्याचं. “आठवडाभर हा स्वतःहून एक इंच सरकणार नाही,” त्या दिपालीला म्हणाल्या. मला काय वाटलं म्हणून विचारता? आयुष्यभराचा माझा तोराच उतरला. मी नुसतं लोखंड उरलो. पण त्या आठवड्यात दिपालीचा तळवा मला पहिल्यांदा नीट ओळखता आला. पहिल्या दिवशी तिने बटण दाबून पंधरा वेळा हात काढला आणि पंधरा वेळा आम्ही आपटलो. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. शेवटी ज्योतीराम स्वतः आत आला.

“मॅडम, पाच मिन्टं बसू का हितं?”

तो दिग्विजयच्या जागी बसला आणि उजव्या हाताचं एक बोट माझ्या बटणावर ठेवलं. दिपालीचा डावा हात माझ्या मुठीवर होता. “लहानपणी म्या सांगितलं, बटण दाबलं की हात काढ. त्यो नियम प्रेसचा व्हता. आता तुझा बाप सांगतोय, हितला नियम उलटा. दाब आनि हात ठेव. म्या दाबतो. तू काढायचा न्हाई.” त्याने बटण दाबलं. तिच्या हाताला झटका बसला, बोटं उचलली गेली, आणि पुन्हा खाली आली. तिने मला पुढे ढकललं. पुन्हा दाबलं. पुन्हा ढकललं. ताटलीच्या खेळासारखंच, पण उलटं. पाच मिनिटांचा तास झाला. मॅडमनी घड्याळ बघितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी माझी मोटर पुन्हा जोडली. बाहेरून आलेले परीक्षक मागे बसले, तोंडावरची माशी न उडणारे गृहस्थ. ज्योतीरामने सकाळी वही लिहिली आणि नंतर शेडच्या कोपऱ्यात हातोड्या, पाने पुसत बसला. त्यातलं एकही हत्यार मळलेलं नव्हतं.

या वेळी तिने हवेत टोगा दाबलं तेव्हा मी पुढे निघालो, आणि तिचा हात माझ्याबरोबर आला. पण खरं संकट शेवटी असतं हे मला ठाऊक होतं. परीक्षकांना मागच्या परीक्षेचा कागद मिळालेला होता. तेही शेवटच्या उतरण्यासाठीच थांबले होते.

आडवा वारा. पन्नास. तीस. वीस. झोत आला, चाकं आपटली, आम्ही उसळलो आणि पुन्हा टेकलो.

“गो-अराउंड!”

बटण दाबलं गेलं. मी हललो नाही. आणि तिची बोटं माझ्यावरून उचलली गेली. मला तळव्याची ऊब गेलेली कळली. गेली, संपलं, असं मला वाटलं. लहानपणापासूनची सवय एका आठवड्यात सुटत नाही हो.

पण हात छातीपर्यंत पोचलाच नाही. अर्ध्यावर थांबला आणि तसाच माघारी आला, घामाने ओला, आणि त्याने मला मुळापासून असं रेटलं की मी पुढच्या कडेला ठण्णकन आदळलो. इंजिनं गरजली. धावपट्टी खाली राहिली. आम्ही वर चाललो होतो. चाकं आत घ्या, वेग बघा, उंची बघा, सगळं होईपर्यंत तिचा हात माझ्यावरच होता. परीक्षक म्हणाले, “थँक यू, झालं.” खोली थांबली, दिवे लागले, तरी तिने हात काढला नाही. शेवटी दिग्विजयच म्हणाला, “दिपाली, अगं सोड की आता त्याला.”

ती पास झाली, मित्रांनो. बाहेर ज्योतीरामच्या हातातून पाना खाली पडल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

तुम्ही म्हणाल, गोष्ट इथे संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या रविवारी ज्योतीराम चाकणला सोनबाच्या घरी गेला. सोमवारी मला पुसताना तो बराच वेळ फडकं एकाच जागी फिरवत राहिला.

“सांगितलं म्या त्याला,” तो मला म्हणाला. “पाया पडाया वाकलो. म्हणलं, तुझी नोकरी माझ्यामुळं गेली, बटणात पत्रा म्या कोंबला व्हता. त्यानं मला उठीवलं. म्हणतो कसा, ‘मला ठावं हाय. त्यो तुकडा मीच काढला. सायब यायच्या आत खिशात घातला. तुझी चूक निघाली आसती तर तुला भरपाई न्हाई, काम न्हाई, आनि वैनी पोटुशी. माझं काय, मी एकटा गडी. कुठं बी पोट भरलं आसतं.’”

ज्योतीरामने शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून माझ्याजवळ ठेवलं. नखाएवढा, गंजलेला, तिरका कापलेला पत्र्याचा तुकडा. सोनबाने चोवीस वर्षं जपून ठेवलेला.

“म्या म्हणलं, मग दर बाजारी मला हात का इचारत व्हतास रं? त्यो म्हणला, ‘तू कवा सांगतोस त्याची वाट बघत व्हतो.’” आणि इतका कणखर माणूस माझ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसतं. आमच्यावर दोष टाकणं फार सोपं असतं, आम्ही नाही म्हणत नाही. पण आमच्यामागे कोणीतरी एक माणूस असतो, रोज सकाळी आम्हाला पुसणारा, आमच्यासाठी सही करणारा. ‘मशीनच बिघडली’ म्हणण्याआधी एकदा त्याची आठवण करा, आणि एकदा स्वतःच्या हाताकडे बघा. आणि आम्ही कितीही आपले आपण पुढे सरकत असलो तरी आमच्यावरचा हात काढू नका. मी हे माझा गर्व गेल्यावर सांगतो आहे.

ऑफिसात नव्या थ्रॉटलचं अजून चालूच आहे. येईल तेव्हा येईल. त्या सोमवारी ज्योतीरामने डोळे पुसले, तुकडा पुन्हा खिशात ठेवला, बटण दाबलं, आणि मोटरवर न सोडता तीन बोटांचा हात माझ्यावर ठेवून शेवटपर्यंत माझ्याबरोबर आला. मग वही उघडून त्याने लिहिलं, ‘लिव्हर ठीक आहे.’